दुसऱ्या शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये मुलीला जाता येतं का? विचारायचं कुणाला?

निळी_छत्री

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, पण या वाटेने कुणी गेलं असेल तर नक्की सांगा.

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत रोबोटिक्सची टीम नाहीये. पूर्वी एक सर हौसेने क्लब चालवायचे, ते शाळा सोडून गेले आणि क्लब बंद पडला, किट कुठल्यातरी कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. मुलगी गेली दोन वर्षं घरीच स्वतःचं स्वतः शिकतेय, आधी ब्लॉक्स जोडून प्रोग्रॅम करणं, आता जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा. मध्ये तिने एक लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरच्या रेषेमागे जाणारा रोबोट, केला होता, तो सरळ रेषेवर छान जायचा आणि वळण आलं की भरकटायचा. तीन आठवडे ती कोडच बदलत बसली होती आणि शेवटी लक्षात आलं की सेन्सर जमिनीपासून जरा जास्तच वर बसवलाय. खाली एक वॉशर कमी केला आणि पठ्ठ्या वळला. त्या दिवशी ती घरभर नाचत होती. पण आता ती अडकलीय हे मला दिसतंय. एकटीने घरात बसून जेवढं होण्यासारखं होतं ते झालं, आता तिला सोबत काम करणारी आणि तिच्याशी वाद घालणारी मुलं हवीत.

घरापासून जवळच एका शाळेची एफटीसीची, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेची टीम आहे. गेल्या सीझनला त्यांच्या मॅचेस बघायला गेलो होतो तर ही प्रेक्षकांत बसलीच नाही, अख्खा दिवस पिटच्या, म्हणजे टीम्स रोबोट दुरुस्त करतात त्या जागेच्या, कडेला उभी. त्यांच्यातल्या एका मुलीने हिला रोबोटचा इनटेक, म्हणजे वस्तू आत ओढून घेणारा भाग, उघडून दाखवला, पट्टा कसा ताणतात ते दाखवलं. तेव्हापासून घरात तोच एक विषय आहे.

तर प्रश्न असे की बाहेरच्या शाळेचं मूल टीममध्ये घेणं नियमात बसतं का? आधी कोचशी बोलायचं की मुख्याध्यापकांशी? आणि तिची स्वतःची शाळा हरकत घेईल का? याआधी एका दुसऱ्या शाळेत मी फोन केला होता, तिथे दोन वाक्यांत "आमच्याच मुलांसाठी आहे" म्हणून फोन ठेवला, त्यामुळे थोडी धास्ती बसलीय. मुलगी म्हणते, आई तू विचारलंस आणि ते नाही म्हणाले तर मी त्या मुलांसमोर परत मॅच बघायला कशी जाऊ.

पान्हा_दहा

ताई, मी सात सीझन एका शाळेच्या टीमचा मेंटॉर आहे आणि आमच्याकडे जवळजवळ दर वर्षी एकदोन मुलं बाहेरच्या शाळेची असतात.

आधी स्पर्धेच्या नियमांची भीती मनातून काढून टाका. फर्स्टमध्ये, म्हणजे एफटीसी भरवणाऱ्या संस्थेच्या स्पर्धांमध्ये, टीम शाळेचीच हवी असं बंधन नाही, वस्तीतल्या मुलांच्या, वाचनालयाच्या, घरीच शिकणाऱ्या मुलांच्या टीम्सही असतात. एफटीसीला वय 12 ते 18, एका टीममध्ये जास्तीत जास्त 15 मुलं, तपासणीतून गेलेले दोन प्रौढ कोच आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची संमती, एवढं लागतं. मूल कुठल्या शाळेत शिकतं हे कुणी विचारत नाही. व्हेक्स ही अशीच दुसरी स्पर्धा, तिच्या नियमपुस्तकात तर सरळ लिहिलंय की टीम शाळेची असू शकते, एखाद्या संस्थेची असू शकते किंवा शेजारपाजारच्या मुलांची असू शकते. फक्त व्हेक्समध्ये वयाचं बघावं लागतं, तिथे मिडल स्कूल आणि हायस्कूल असे गट आहेत आणि टीममध्ये एक जरी मूल हायस्कूलचं आलं की अख्खी टीम हायस्कूल गटात जाते. म्हणजे बाहेरून एखादं मोठं मूल घेतलं तर लहान मुलांना एकदम मोठ्यांशी खेळावं लागतं. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये टीमच 2 किंवा 3 जणांची, तिथे बाहेरच्याला जागा मिळणं मुळातच कठीण. तुमचं एफटीसीचं आहे ते बरं आहे, तिथे माणसं लागतात.

अडतं ते शाळेच्या दारात. मुख्याध्यापक नाही म्हणतात तेव्हा ते तुमच्या मुलीला नाही म्हणत नसतात, त्यांच्या डोळ्यासमोर असतं की संध्याकाळी सातला लॅबमध्ये एका मुलीच्या बोटाला ड्रिल लागलं आणि तिच्या घरचा नंबर ऑफिसच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. स्वतःच्या विद्यार्थ्याचं सगळं त्यांच्याकडे असतं, बाहेरच्याचं काहीच नसतं. विमा कुणाचा, गेटवर आत कोण सोडणार, घरी न्यायला कोण येणार, उशीर झाला तर तिच्याबरोबर कोण थांबणार. आमच्या शाळेने पहिल्या वर्षी नाहीच म्हटलं होतं. मग आम्ही एक पानभर लिहून दिलं, त्यात पालकांचे दोन नंबर, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, न्यायला कोण येणार त्यांची नावं, आणि शेवटी पालकांची सही की लॅबमधले सुरक्षेचे नियम वाचलेत आणि मान्य आहेत. ते पान बघून आठ दिवसांत होकार आला. तुम्ही हे पान आधीच तयार करून न्या.

विचारायचं आधी कोचला. मुख्याध्यापकांकडे थेट गेलात तर ते कोचलाच बोलावून विचारणार, आणि कोचला ती गोष्ट वरून कळली की त्याचं मन आधीच अर्धं नकाराकडे झुकलेलं असतं. वेळही बघा. एफटीसीचा नवीन गेम, म्हणजे त्या वर्षी रोबोटने काय करायचं ते, सप्टेंबरमध्ये जाहीर होतो. त्याच्या आधीचे दोनतीन महिने कोचकडे वेळ असतो, तेव्हा जुन्या मुलांकडून नव्यांना शिकवणं चालू असतं. सीझनच्या मध्यावर विचाराल तर त्यांचा रोबोट अर्धा उघडा पडलेला असतो आणि नवीन मुलीला काय काम द्यायचं हेच त्यांना सुचत नाही.

आणि मेलमध्ये प्रमाणपत्रं जोडू नका. ती सेन्सरची गोष्ट लिहा. कोड बदलून बदलून थकल्यावर वॉशर काढणारी मुलगी कुठल्याही कोचला हवी असते. शक्यतो मेल तिलाच लिहू दे, तुम्ही खाली दोन ओळी आणि फोन नंबर टाका.

अर्धवर्तुळ

काकू, मी ती "बाहेरची मुलगी" होते, दोन सीझन. आता कॉलेजला आहे. वरच्या काकांनी दारापर्यंतचं सगळं सांगितलंय, मी आतलं सांगते.

पहिला महिना कठीण गेला, हे तिला आधीच सांगून ठेवा. कुणी वाईट वागत नाही, पण ती सगळी दिवसभर एकत्र असतात, डबा खाताना रोबोटच्या गिअर रेशोवर बोलणं होऊन जातं आणि संध्याकाळी मी पोचेपर्यंत निर्णय झालेला असायचा. एकदा मीटिंग दुसऱ्या दिवशी ढकलली ती त्यांच्या वर्गात तोंडी सांगितली, मी बसने जाऊन अर्धा तास बंद लॅबच्या पायरीवर बसून आले. त्या दिवशी मी घरी येऊन रडले आणि टीम सोडणार होते. आमच्या कॅप्टनला हे कळल्यावर तिने एक नियम केला, जे ग्रुपवर लिहिलेलं नाही ते ठरलेलं नाही. त्याचा फायदा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला कारण त्यांच्यातलीही दोन मुलं दुसऱ्या तुकडीत होती आणि त्यांनाही अर्ध्या गोष्टी कळत नसायच्या. तुम्ही कोचला पहिल्याच भेटीत विचारा की टीमचे निरोप कुठे येतात.

दुसरं, कुणालाच नको असलेलं काम असतं ते तिने घ्यावं असं मला मनापासून वाटतं. गेल्या गेल्या सगळ्यांना प्रोग्रॅमिंग नाहीतर ड्रायव्हिंग हवं असतं. आमच्याकडे वायरिंग कुणी बघत नव्हतं. रोबोट मॅचच्या मध्येच अर्धा मरायचा, म्हणजे चाकं चालायची पण रोबोटचा हात लटकायचा, सगळे म्हणायचे कोडमध्ये काहीतरी आहे. मी एक अख्खी दुपार रोबोटचा हात स्वतःच्या हाताने वरखाली करत बसले. तर तो पूर्ण वर गेला की दुसऱ्या हबकडे, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याकडे, जाणारी वायर ताणली जायची आणि तिचा एक्सटी30 हा वीजजोडणीचा कनेक्टर केसभर निसटायचा, बाहेरून बघितलं तर बसलेलाच दिसायचा. वायर थोडी लांब घेतली, फ्रेमला झिप टायने बांधली, कनेक्टरपाशी थोडी सैल ठेवली. त्यानंतर तो हात सीझनभर एकदाही पडला नाही. मग मी सगळ्याच वायर्सना लेबलं लावली, दर मॅचच्या आधी प्रत्येक कनेक्टर हलकेच ओढून बघायचा हे माझं काम झालं. त्यानंतर मला कुणी पाहुणी समजलं नाही, उलट मी एक दिवस आले नाही तर फोन यायचा.

ड्राइव्ह टीममध्ये, म्हणजे मॅचमध्ये रोबोट चालवणाऱ्या मुलांत, जागा पहिल्या वर्षी मागू नका. तिथे एकाच वेळी मोजकीच मुलं उभी राहतात आणि सगळ्या घरांचे डोळे तिथेच असतात. आमच्या कोचनी दुसऱ्या वर्षी सगळ्यांची घड्याळ लावून चाचणी घेतली, वेळा फळ्यावर लिहिल्या, त्यात मी ऑपरेटर म्हणून आले. तरी एका पालकांनी हरकत घेतली होती. वेळा फळ्यावर असल्यामुळे ती तिथेच मिटली.

तिच्या स्वतःच्या शाळेचं म्हणाल तर लपवू नका. स्पर्धेच्या दिवसांची रजा लागते, कधी परीक्षा आडवी येते. आम्ही सीझनच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेला तारखा देऊन ठेवल्या होत्या. टीशर्टवर दुसऱ्या शाळेचं नाव बघून एक बाई जरा नाराज झाल्या होत्या पण नंतर त्यांनीच मला प्रार्थनेच्या वेळी रोबोटबद्दल बोलायला लावलं.

खडू_आणि_सोल्डर

मी शिक्षिका आहे आणि टीमची कोचही, त्यामुळे यजमान शाळेच्या बाजूने थोडं बोलते, कारण ते इथे कुणी बोललेलं नाही.

आम्ही एका वर्षी बाहेरची चार मुलं घेतली. सगळी तयारीची होती, हुशार होती. त्या वर्षी आमच्याच शाळेतली आठवीतली एक मुलगी, जिने आयुष्यात कधी स्क्रू फिरवला नव्हता आणि जी मोठ्या हिमतीने नाव द्यायला आली होती, ती तीन आठवड्यांनी यायची बंद झाली. कुणी तिला काही बोललं नव्हतं. प्रत्येक कामाला तिच्यापेक्षा चांगलं करणारं कुणीतरी होतं, ती नुसती टेबलाशी उभी असायची. मी ते वेळेवर बघितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, कारण शाळेतली टीम मुळात त्या मुलीसाठीच असते.

तेव्हापासून आमची पद्धत अशी की आधी आमच्या मुलांची नावं, मग उरलेल्या जागा बाहेरच्यांना. 15 म्हणजे खूप वाटतात पण तशा नसतात. बाहेरून येणाऱ्या मुलाने आमच्या एका नवख्या मुलाबरोबर जोडीने काम करायचं, ज्याला येतं त्याने हात मागे ठेवायचे आणि ज्याला येत नाही त्याने पाना धरायचा. हे मुलांना जड जातं, पण जमतं. ज्या मुलाच्या स्वतःच्या शाळेत टीम आहे त्याला आम्ही त्यांच्या कोचशी बोलल्याशिवाय घेत नाही, नाहीतर जिंकणाऱ्या टीमकडे सगळी मुलं पळतात आणि छोटी टीम मोडते. तुमच्या मुलीच्या शाळेत टीम नाहीये हे पहिल्याच वाक्यात लिहा, माझ्यासारख्या कोचची अर्धी शंका तिथेच मिटते.

आणि एक विनंती, पालक म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ लॅबमध्ये बसायची तयारी दाखवा. मुलांबरोबर एकटा प्रौढ नको, दोघं हवेत, हा नियम आम्ही काटेकोर पाळतो, आणि दुसरं माणूस न मिळाल्यामुळे आमची किती सत्रं रद्द होतात ते सांगता सोय नाही. रोबोटमधलं काही येत नसलं तरी चालतं, नुसतं हजर असणं फार मोलाचं आहे.

तिसरी_बॅटरी

वरचं सगळं वाचलं, पटलं. पण कुणीच घेतलं नाही तर तिथे थांबू नका एवढंच सांगायला आलो. आम्हाला तीन ठिकाणी नकार मिळाला होता, मग चार घरांनी मिळून स्वतःची टीम काढली.

त्यात एफटीसी किंवा व्हेक्स घेतलंत तर घरात होतं. दोन्हीत मॅच सुरू होताना रोबोट 18 इंची चौकोनी खोक्यात मावावा लागतो, म्हणजे तो टेबलावर उभा राहतो, दारातून जातो, गाडीच्या मागच्या सीटवर बसतो. एफआरसीच्या, म्हणजे फर्स्टच्याच मोठ्या रोबोटच्या स्पर्धेच्या, मागे मात्र घरून लागू नका, तो रोबोट माणसाच्या वजनाचा असतो, त्याला खरं वर्कशॉप लागतं, आणि 2019 पर्यंत सहा आठवड्यांनी रोबोट पिशवीत घालून सील करायचे तो नियमही आता गेला, त्यामुळे जानेवारीत सुरू झालेलं काम थेट स्पर्धा संपेपर्यंत चालूच राहतं.

आमची मोठी अडचण मैदानाची होती. एफटीसीचं मैदान 12 फूट बाय 12 फूट, दोनदोन फुटांच्या 36 फोम टाइल्स. आमच्याकडे नऊच टाइल्स होत्या, हॉलमधलं टेबल उचलून त्या टाकायचो. सुरुवातीचे 30 सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, तेवढा भाग आम्ही त्या नऊ टाइल्सवर तुकड्यातुकड्यांत बसवला. पूर्ण मैदानावर पहिल्यांदा चालवला तो दुसऱ्या टीमच्या लॅबमध्ये, त्यांनी दोन शनिवार आम्हाला बोलावलं. ज्या शाळेने मुलाला टीममध्ये घ्यायला नाही म्हटलं होतं तीच ही शाळा. सदस्य म्हणून घेणं त्यांना जमणारं नव्हतं, मैदान वापरू देणं जमणारं होतं. म्हणून म्हणतो, नकार आला तर लगेच पाठ फिरवू नका, विचारा की मग तुमच्याबरोबर दुसरं काय करता येईल.

पण खरं सांगायचं तर टीम काढायला निदान दोन मोठ्या माणसांच्या सगळ्या संध्याकाळी जातात. तुमच्या मुलीला आधी एखादा सीझन चालू टीममध्ये मिळाला तर तो घ्या, नोंदवही कशी ठेवतात, परीक्षकांशी कसं बोलतात, हे तिथे बघून येतं. आम्हाला ते माहीत नव्हतं, पहिल्या वर्षी पोर्टफोलिओ, म्हणजे परीक्षकांना द्यायची कामाची माहिती, स्पर्धेच्या आदल्या रात्री लिहायला बसलो होतो.

निळी_छत्री

सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येक उत्तर मुलीला वाचून दाखवलं. अर्धवर्तुळ, तुझी कनेक्टरची गोष्ट तिने तीनदा वाचली आणि स्वतःच्या रोबोटचे सगळे कनेक्टर ओढून बघितले, एक खरंच सैल होता.

मेल तिनेच लिहिला. पहिली ओळ "माझ्या शाळेत टीम नाही", मग वॉशरची गोष्ट, मग तो वळतानाचा व्हिडिओ. मी खाली लिहिलं की बुधवारी संध्याकाळी मी लॅबमध्ये बसू शकते, आणि पान्हा_दहा म्हणाले तसं सगळी माहिती लिहिलेलं पान जोडलं. चार दिवस काही आलं नाही, ती दर तासाला मेल बघत होती. काल कोचचं उत्तर आलं. टीममध्ये घेतलं असं म्हटलेलं नाही, त्यांच्या मुलांची नावनोंदणी या महिन्यात होतेय, जागा उरल्या तर बघू म्हणाले. पण तोपर्यंत शनिवारच्या शिकवण्याच्या सत्राला यायला सांगितलंय, त्यांच्या सातवीच्या मुलांना लाइन फॉलोअर शिकवायचाय आणि व्हिडिओ बघून ते म्हणाले की हीच दाखवू दे. मुख्याध्यापकांशी ते स्वतः बोलतायत.

तिच्या वर्गशिक्षिकांनाही सांगितलं, त्यांची हरकत नाही, तारखा आधी द्या म्हणाल्या. आणि जाता जाता त्यांनी विचारलं की आपल्या त्या बंद कपाटात नक्की काय काय आहे, तिला कळेल का. किल्ली शोधतायत.

शनिवारी जाताना तिने काय न्यायचं? ती लॅपटॉप आणि रोबोट नेतेय, अजून काही?

पान्हा_दहा

चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या, एक पुरत नाही. स्वतःचा सेफ्टी गॉगल असेल तर तो. केस बांधून, बंद बूट घालून पाठवा. आणि तो काढलेला वॉशर न्यायला सांगा, सातवीच्या मुलांना आधी तो लावून रोबोट भरकटताना दाखवायचा, मग त्यांनाच शोधू दे.

अर्धवर्तुळ

आणि काकू, त्या इनटेक दाखवणाऱ्या मुलीचं नाव विचारून ठेवायला सांगा तिला, आत शिरल्यावर एक तरी ओळखीचं माणूस असू दे.